'स्वर्गीय माहेर' : पुरुषाला माहेर कसे?

नाशिकच्या शरणपूर भागातून एका ख्रिस्ती वाचकाने विचारले आहे की, वडिलांच्या स्मरणसभेच्या पत्रिकेत 'बाबा स्वर्गीय माहेरी गेले' असे छापले होते, त्यावर एका पाहुण्याने 'पुरुषाला माहेर कुठले?' म्हणून चूक काढली; ती चूक मानावी का?

मानू नये. 'माहेर' हा शब्द 'मातृगृह' यावरून आला आणि व्यवहारात तो विवाहित स्त्रीचाच आहे हे खरे. परंतु वारकरी संतांनी, त्यांतल्या पुरुषांनीही, पंढरीला माहेर म्हटले आणि ख्रिस्ती मराठीला ही रुळलेली वाट आयतीच मिळाली.

माझी हरकत आहे ती 'गेले' या क्रियापदाला. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवसांत सटाणा-कळवणकडे 'सून माहेरी गेली' असे कोणी सांगितले की शेजारीण लगेच 'परत कधी येणार?' असे विचारते, कारण माहेरपण चार दिवसांचे असते आणि नांदायचे सासरीच. ख्रिस्ती श्रद्धेत हा हिशेब उलटा आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल देहाला तंबू म्हणतो आणि स्वर्गातल्या घराला सार्वकालिक. (पौल स्वतः तंबू करणारा कारागीर होता, तंबू किती दिवस टिकतो हे त्याला ठाऊक असणारच.)

आणखी एक भेद आहे. ओढ लागते ती पाहिलेल्या घराची, अंगणाची, आईच्या हातच्या जेवणाची. स्वर्गातले घर मात्र कोणी पाहिलेले नाही. म्हणूनच इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात, जुना देश सोडून निघालेल्यांच्या मनातल्या स्वर्गीय देशाविषयी, मराठी बायबलने योजलेला 'उत्कंठा' हा शब्द मला फार नेमका वाटतो. 'उत्कंठा' म्हणजे मुळात मान उंचावणे, आणि तिथल्या ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ आहे हात लांबवणे. दोन्ही भाषांना अजून न गवसलेल्या गोष्टीसाठी ताणलेले शरीरच आठवले.

तरीही 'माहेर' मी गाळणार नाही, कारण त्याच्याबरोबर 'मुऱ्हाळी' येतो. सासुरवाशीण आपल्या मनाने उठून जात नसे. तिला न्यायला बापाच्या घरून भाऊ मुऱ्हाळी म्हणून येई आणि तो दिसेपर्यंत तिचा डोळा वाटेकडे असे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात येशू पित्याच्या घरातल्या पुष्कळ जागांविषयी बोलून, मी पुन्हा येऊन तुम्हांला आपल्याजवळ घेईन, असे आश्वासन देतो. हे मुऱ्हाळ्याचेच काम आहे, आणि 'स्वर्गीय घर' किंवा 'स्वर्गीय निवास' या शब्दांत त्याला जागा नाही.

तेव्हा पत्रिका पुन्हा छापायची झाल्यास 'बाबांना प्रभूने स्वर्गीय माहेरी नेले' असे करावे. 'स्वर्गीय' हे विशेषण मात्र माहेरालाच चिकटलेले राहू द्यावे. 'स्वर्गीय बाबा माहेरी' असे झाले, तर ते नुसते 'कैलासवासी'च्या जागी आल्यासारखे वाचले जाईल.