इंग्रजीतले इररेग्युलर व्हर्ब आणि 'माइट हॅव बीन' सारखी लांबलचक क्रियापदं डोक्यात कशी बसवायची?

तुम्ही म्हणताय की व्ही-वन, व्ही-टू, व्ही-थ्रीचा, म्हणजे गो-वेन्ट-गॉन अशा तीन रूपांचा तक्ता शाळेपासून पाठ आहे तरी बोलताना चुकतंच आणि 'माइट हॅव बीन' वगैरे आलं की सगळं गडबडतं. मी शिकवण्या घेतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की तो ए टू झेड तक्ता आधी बाजूला ठेवा, कारण अल्फाबेटचा आणि या रूपांचा काहीएक संबंध नाही, संबंध आहे तो आवाजाचा. सिंग-सँग-संग, रिंग-रँग-रंग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक, स्विम-स्वॅम-स्वम हे एक घराणं, कीप-केप्ट, स्लीप-स्लेप्ट, फील-फेल्ट दुसरं, ब्रिंग-ब्रॉट, बाय-बॉट, टीच-टॉट तिसरं, आणि कट, पुट, हिट, शट तर बदलतच नाहीत. घराण्याप्रमाणे मोठ्याने म्हणा, पटापट बसतात.

आणि नेमकी रोजच्या वापरातलीच क्रियापदं का वाकडी असतात, तर सतत तोंडात असल्यामुळे त्यांची जुनी रूपं टिकली, कमी वापरातल्या बऱ्याच जणांना हळूहळू शेवटी 'ईडी' (-ed) लागलं. हेल्पचं भूतकाळी रूपसुद्धा पूर्वी वेगळं होतं, आता साधं हेल्प्ड झालंय. मराठीतही तेच बघा ना, जाणे-गेला, करणे-केलं, येणे-आला, ही आपण कुठे तक्ता करून शिकलो!

आता खरी मेख. "ही डिड नॉट वेन्ट" ही चूक मराठी मुलं हमखास करतात आणि त्याला कारण आहे, आपल्याकडे 'तो गेला', 'तो गेला नाही', 'तो गेला का' तिन्हीकडे 'गेला' तसंच राहतं. इंग्रजीत काळ क्रियापदातल्या फक्त पहिल्या शब्दावर दाखवतात, डिडने तो दाखवला की पुढे नुसतं गो.

लांब व्हर्ब फ्रेजमध्येही हेच, प्रत्येक शब्द फक्त आपल्या पुढच्याचं रूप ठरवतो. कॅन, माइट, वुड, मस्टनंतर मूळ रूप. हॅव, हॅज, हॅडनंतर व्ही-थ्री. 'बी'च्या (इज, आर, वॉज, बीन वगैरे) कुठल्याही रूपानंतर काम चालू असेल तर आयएनजी, आणि काम कोणाकडून तरी केलं जात असेल तर व्ही-थ्री. आता "द लेटर माइट हॅव बीन रिटन" घ्या, म्हणजे पत्र लिहिलं गेलं असेल. माइट आहे म्हणून हॅव, हॅज नाही. हॅव आहे म्हणून बीन. बीन आहे आणि पत्र स्वतः काही लिहीत नाही म्हणून रिटन. तेच "शी माइट हॅव बीन रायटिंग" म्हटलं की ती तेव्हा लिहीत असेल, इथे लिहिणारी तीच आहे म्हणून आयएनजी. "आय हॅव वेन्ट" का चुकीचं तेही यातूनच कळतं, हॅवला व्ही-थ्री लागतो म्हणून गॉन.

रोज पेपरमधलं एखादं लांब वाक्य घ्या आणि त्यातलं क्रियापद असं एकेक शब्द सुटा करून बघा, पण डावीकडून सुरुवात करा, बरेच जण शेवटच्या मुख्य क्रियापदापासून उलटे येतात आणि तिथेच अडकतात.