पेशंट वाचणार नाही हे दिसत असताना डॉक्टर "तुम्हीच ठरवा" असं का म्हणतात?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना जुना सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन कायम दम लागणारा फुफ्फुसाचा आजार) आहे, मागच्या वेळी आयसीयूत होते तेव्हा डॉक्टर दर राउंडला "व्हेंटिलेटर लावायचं का ते तुम्ही ठरवा" एवढंच म्हणायचे, मग डॉक्टर स्वतः काही ठरवत का नाहीत आणि त्यांना असा कसला पेच पडतो. मी जळगाव जिल्ह्यात तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे, हे प्रसंग आमच्याकडे नेहमीचेच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माझं मत. "तुम्ही ठरवा" म्हणून बाजूला होणं मला चूक वाटतं. घरच्यांना विचारायलाच पाहिजे, पण काय विचारायचं? पेशंट कसा माणूस आहे, त्याला काय चाललं असतं, काय अजिबात नको होतं, हे. फुफ्फुसात काय उरलंय आणि व्हेंटिलेटरसाठी श्वासनलिकेत ट्यूब टाकून काय हाती लागेल हे डॉक्टरनेच सांगायचं, आणि त्यावर "माझा सल्ला असा आहे" हेही त्यानेच म्हणायचं. नाहीतर बाप गेल्यावर पोरगा आयुष्यभर मनात धरून बसतो की मीच नाही म्हटलो म्हणून गेले.

मग डॉक्टर तसं का बोलत नाहीत? एक कारण म्हणजे खात्री नसते. सीओपीडीत कार्बन डायऑक्साइड साठून पेशंट गुंगीत जायला लागला की आधी बायपॅपचा, म्हणजे दाबाने हवा देणाऱ्या मशीनचा मास्क लावतो, त्याने नाही भागलं तर ट्यूब. आता हाच पेशंट चार दिवसांत व्हेंटिलेटरवरून सुटून घरी चहा पीत बसेल की महिनाभर सुटणारच नाही, हे आधी छातीठोक कोणी सांगू शकत नाही. दुसरं कारण भीती. वाचणार नाही म्हणावं तर "पैशे काढायचे संपले म्हणून हात वर केले", आणि चालू ठेवावं तर "बिल वाढवायला ठेवलंय". आणि हे दोन्ही बोलणारे बऱ्याचदा एकाच घरातले असतात, एक जवळ राहून सेवा करणारा आणि दुसरा सुरतहून रात्रीच्या गाडीने आलेला. सुरतचा मुलगा पोचेपर्यंत मशीन चालू ठेवा, हे तर खान्देशातल्या प्रत्येक आयसीयूत ऐकायला मिळतं. तो येईपर्यंत ठेवण्यात मला काही वावगं वाटत नाही, पेशंटला त्रास होणार नाही एवढं बघितलं की झालं.

आणि पैसा. पुस्तकात हा मुद्दा एका ओळीत असतो, आमच्याकडे तो सगळ्यात आधी येतो. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कव्हर आहे, पण प्रत्येक आजार त्यात बसत नाही, प्रत्येक हॉस्पिटल त्यात नाही, आणि आयसीयूचे दिवस लांबले की घरच्यांची धावपळ सुरू होते. आधी बायकोची पोत मोडतात, मग कपाशीच्या पैशावर उचल घेतात, मग शेताची गोष्ट निघते. आशा नसताना शेत विकू द्यायचं का? डॉक्टरने पैशाबद्दल बोलायचं नाही असं मानणारे आहेत, मी बोलतो. अशाच एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या मोठ्या मुलाने मला आयसीयूच्या दारात विचारलं होतं, "डाक्टर, तुमना बाप राहता ते तुमी काय करतात?" मी सांगितलं, मी ट्यूब टाकू दिली नसती, मास्क ठेवला असता, दम कमी होईल असं औषध दिलं असतं आणि आईला जवळ बसवलं असतं. त्यांनी तसंच केलं. शेत विकायची वेळ आली नाही.

ट्यूब आधीच टाकलेली असेल तर मात्र सगळ्यांचेच हात थरथरतात. न लावणं आणि लावलेलं काढणं, कायद्याने यात फरक नाही, मनाला मात्र फार वाटतो. अरुणा शानबाग यांची केस तुम्हाला माहीत असेलच, त्या मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात नर्स होत्या, 1973 साली तिथेच हल्ला झाला आणि त्या पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत, 2015 साली जाईपर्यंत तिथल्या नर्सेसनी त्यांना घरच्यासारखं सांभाळलं, आणि त्यांच्याच केसमध्ये 2011 साली सुप्रीम कोर्टाने उपचार थांबवायची वाट पहिल्यांदा उघडली, पण दर वेळी हायकोर्टाची परवानगी घ्यायची. 2018 साली घटनापीठाने सन्मानाने मरणं हाही जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि 2023 साली पद्धत सोपी केली. आता हॉस्पिटलने उपचार करणारा डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ असं एक बोर्ड बसवायचं, मग दुसरं बोर्ड, त्यात एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला, दोन्ही बोर्डांनी शक्यतो 48 तासांत मत द्यायचं, घरच्यांची संमती घ्यायची आणि मॅजिस्ट्रेटला कळवायचं.

पण तालुक्याच्या गावी इतके तज्ज्ञ आणायचे कुठून? म्हणून इथे होतं काय, तर केसपेपरवर एक ओळ लिहिली जाते, "पेशंटला आमच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत", खाली सही किंवा अंगठा. मग प्रायव्हेट अँब्युलन्समध्ये ब्रदर हाताने श्वास द्यायची बॅग दाबत बसतो, गाव येतं, माणसाला घरात घेतात, तोंडात पाणी घालतात आणि ट्यूब निघते. घरी मरण यावं ही इच्छा मला पूर्ण मान्य आहे, मलाही तेच हवंय. पण त्या कागदात मला फार वाईट वाटतं ते हे, की जबाबदारी घरच्यांची म्हणून लिहून घेतली आणि सोबत दम घुसमटला तर द्यायला एक गोळीसुद्धा नाही दिली. शेवटच्या अवस्थेत थोड्या डोसमध्ये मॉर्फिन दिलं तर दम लागल्याची तडफड बरीच कमी होते. 2014 साली अमली पदार्थांचा कायदा बदलून मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं केलं, तरी आमच्या गावात एकाही मेडिकलवर मिळत नाही. निर्णय कोणताही होवो, त्रास कमी करणं हे डॉक्टरचं काम संपत नाही, त्यातून सही करून सुटता येत नाही.

अजून एक, "पेशंटला सांगू नका" हा आग्रह. तोंडाच्या कॅन्सरचा माणूस, घरचे मला बाहेर घेऊन हात जोडतात, आणि आत तो माणूस विचारतो, पोरीचं लग्न याच उन्हाळ्यात उरकू का. त्याला कळलेलं असतं हो. मी त्याला आधी विचारतो, तुम्हाला किती ऐकायचंय, आणि तो म्हणेल तेवढं खरं सांगतो. घरचे चिडतात कधीकधी, तरी चालतं, कारण लग्न त्याच्या पोरीचं आहे.

आता तुमच्या वडिलांचं. ते सध्या घरी आहेत, बोलतायत, तर आत्ताच विचारा, पुढच्या वेळी ट्यूब हवी का, हवी तर किती दिवस. "तीन दिवस बघू, सुधारणा नसेल तर थांबू" असं आधीच डॉक्टरांशी ठरवता येतं. त्यांची इच्छा असेल तर लिव्हिंग विल करा, म्हणजे स्वतः बोलता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायचं, दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही, त्यात त्यांच्या वतीने बोलणाऱ्याचं नाव लिहायचं आणि एक प्रत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची. एक प्रत फाइलमध्ये लावून पुढच्या तपासणीला घेऊन जा, आणि बाहेरगावी असलेल्या भावा-बहिणींना या बोलण्यात आताच घ्या, फोनवर का होईना.