लोकगीते इतिहासाचा पुरावा ठरतात का?

लोकगीतांवर इतिहासाचे साधन म्हणून कितपत विसंबावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते, घटनेचा तपशील ठरवायचा असेल तर फार जपून. गाणाऱ्यांचे जग समजून घ्यायचे असेल तर पुष्कळच.

सिंहगडाचे उदाहरण घ्या. तानाजी मालुसरे १६७० साली गड घेताना पडले, याविषयी तुळशीदास शाहिराचा पोवाडा आणि सभासदाची बखर यांचे एकमत आहे. मात्र पोवाड्यात कडा चढण्यासाठी घोरपड येते, तर १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत मावळे वानरांसारखे कडा चढतात आणि घोरपडीचे नावही नाही. ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा संग्रह छापला तो १८९१ साली. तोवर तोंडोतोंडी फिरणाऱ्या कवनात श्रोत्यांच्या आवडीने काय काय शिरले असेल, हे वेगळे काढणे जवळजवळ अशक्य आहे.

युरोपातही हेच दिसते. ७७८ साली पिरेनीज पर्वतात फ्रँक राजा शार्लमेनच्या सैन्याची पिछाडी बास्क लोकांनी कापून काढली, असे त्याचा चरित्रकार आइनहार्ट सांगतो. याच लढाईवरील, सुमारे तीन शतकांनंतरच्या ‘रोलाँच्या गीता’त, म्हणजे जुन्या फ्रेंच वीरकाव्यात, शत्रू म्हणून बास्कांच्या जागी मुसलमान आले आहेत. आठव्या शतकाविषयी हे गीत फसवते, पण अकराव्या शतकातील श्रोत्यांना कोणता शत्रू हवा होता, हे अचूक सांगते.

जात्यावरच्या ओव्यांकडे मी अधिक विश्वासाने पाहतो, कारण त्या रचणाऱ्या बायकांची दुसरी लेखी नोंद बहुधा नसतेच. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ या संशोधकांच्या प्रयत्नांतून अशा लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. तरी त्याही शब्दशः घेऊ नयेत. ओवीतला भाऊ श्रीमंत असतो, त्यावरून त्या घरची सांपत्तिक स्थिती ठरवणारा संशोधक फसेल. पण सासरी नांदणारी स्त्री माहेराकडून कोणती आशा बाळगून होती आणि ती कोणापुढे बोलता येत नव्हती, हे दप्तरखान्यातील कागदांत क्वचितच सापडेल.

म्हणून गीत कोणी, कोणासमोर, कोणाच्या आश्रयाने गायले आणि ते केव्हा टिपले गेले, हे मी आधी पाहतो. नायकाच्या थोरवीत काहीच भर न घालणारा एखादा तपशील, एकमेकांशी संबंध नसलेल्या गायकांच्या पाठांत सारखाच आढळला, तर त्याला मी अधिक वजन देतो.