बहावा: रुजत नाही, फुलत नाही, आणि शेंगेचं काय करायचं?

या वेळच्या पत्रांत बहाव्याचेच प्रश्न जास्त होते. त्यातले चार निवडले आहेत.

बहाव्याचं बी कुंडीत पेरून दोन महिने झाले, एकही उगवलं नाही. बी वांझ असेल का? (कराड)

बी चांगलं असणार, पण त्याचं कवच इतकं टणक असतं की पाणी आत शिरतच नाही. पूर्ण पिकलेली, काळपट तपकिरी शेंग फोडा. आडव्या पडद्यांमधलं बी काढून त्याला लागलेला मगज स्वच्छ धुवा. मगज राहिला तर मुंग्या लागतात, बुरशीही येते. पाणी उकळून गॅस बंद करा, मग त्यात बी टाका आणि २४ तास तसंच राहू द्या. बी चुलीवर उकळत ठेवू नका, आतला अंकुर शिजतो.

दुसऱ्या दिवशी जे फुगलं असेल तेवढंच पेरा. बाकीचं पॉलिश पेपरवर एका कडेला आतला फिकट भाग दिसेपर्यंत घासा आणि पुन्हा रात्रभर भिजवा. बी शेंगेला जिथे जोडलेलं असतं ते टोक मात्र घासू नका, कोंब तिथूनच येतो. दहा-वीसच बिया असतील तर गरम पाण्यापेक्षा घासणं खात्रीचं.

एक-दीड सेंटिमीटर खोल पेरा. उगवायला एक ते तीन आठवडे लागतात. पिशवी उंच घ्या. बहाव्याचं सोटमूळ लवकर खाली जातं आणि बुटक्या पिशवीत ते गुंडाळतं. असं रोप जमिनीत लावल्यावरही वर्षानुवर्षं खुरटलेलंच राहतं.

सात वर्षांचं झाड आहे, पानांनी भरलेलं, पण फूल नाही. शेजारी ऊस आहे. (मिरज)

बियांपासून वाढवलेला बहावा साधारण पाच ते आठ वर्षांनी फुलतो, त्यामुळे अजून हातचं गेलेलं नाही. संशय उसावरच आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला जमीन सुकली, पानं गळली की बहाव्याला बहर येतो. उसाचं पाणी आणि युरिया मुळाशी पाझरत राहिला तर झाड नुसती पालवी काढत बसतं. शिवाय काळ्या जमिनीत पाणी तुंबलं तर मुळं कुजतात. उसाच्या बाजूने दीड-दोन फूट खोल चर काढा, डिसेंबरनंतर झाडाला पाणी देऊ नका आणि खत बंद करा. बहाव्याला लाड मानवत नाहीत.

विजेच्या तारांसाठी फांद्या छाटत असाल तर महिना बघा. हिवाळ्यात छाटलं की त्या वर्षीचा बहर गेलाच. छाटणी फुलं संपल्यावर, जूनमध्ये करा.

पावसाळ्यात हिरव्या अळ्यांनी सगळी पानं खाल्ली. औषध मारू का? (वाई)

मोठ्या झाडाला नको. फिकट पिवळसर फुलपाखरांच्या या अळ्या आहेत, झाड पुन्हा पालवतं. वर्षाच्या आतल्या रोपावरच्या हाताने वेचा. फारच झाल्या तर ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा.

वडिलांना बद्धकोष्ठता आहे. दारच्या बहाव्याची शेंग उगाळून दिली तर चालेल का? (तासगाव)

आख्खी शेंग उगाळू नका. औषध म्हणून वापरतात तो पडद्यांवरचा काळा, चिकट, गोडसर मगज. बी आणि टरफल घ्यायचं नाही. चरकसंहितेत बहावा सौम्य रेचकांमध्ये श्रेष्ठ सांगितला आहे. शेंगा सात रात्री वाळूत पुरून, मग उन्हात वाळवून मगज काढण्याची रीतही तिथेच दिली आहे.

शेंग निवडताना कानाशी हलवा. बी खुळखुळत असेल तर मगज वाळून गेलेला आहे. जड आणि आवाज न करणारी शेंग चांगली. मगज कोमट पाण्यात कालवून फडक्यातून गाळतात. प्रौढाला वैद्य साधारण ५ ते १० ग्रॅम मगज देतात. जास्त झाला तर पोटात मुरडा येतो आणि जुलाब लागतात. काढलेला मगज ओलसर राहिला तर आंबतो, त्यावर बुरशी येते. तसा दिसला तर फेकून द्या.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत मात्र आधी वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारा. वयस्कर माणसाला नव्याने बद्धकोष्ठता सुरू झाली असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा वजन उतरत असेल तर तपासणी आधी, मगज नंतर. लघवी वाढवणाऱ्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, कारण रेचकाने शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. रोज घेण्याचं हे औषध नव्हेच, सवय लागते. पोट दुखत असताना, जुलाब चालू असताना आणि गरोदरपणी घेऊ नये.

आणि झाड बहाव्याचंच आहे ना, तेही एकदा पाहा. रस्त्याकडेला पिवळ्या फुलांचा काशीदही भरपूर लावलेला असतो. त्याचे तुरे वर उभे राहतात आणि शेंगा चपट्या असतात. बहाव्याचे घोस खाली लोंबतात, शेंग गोल नळीसारखी आणि हातभर लांब असते.