बाराव्या वर्षी घर सोडलं, चौतिसाव्या वर्षी सेमीफायनल

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, बॅडमिंटन खेळते, जिल्ह्याला दोनदा फायनलपर्यंत गेली. गावात एकच हॉल, तिच्यापेक्षा चांगलं खेळणारं कुणी नाही. सर म्हणतात बारा पूर्ण व्हायच्या आत पुण्याला हलवा नाहीतर विसरा. आम्ही दोघंही नोकरी करतो, काय करावं तेच कळत नाही. छोट्या जागेतून कुणी वर गेलंय का हो खरंच?
(एक आई, सोलापूर जिल्हा)

ताई, गेलंय. आणि ज्याचं नाव मी सांगणार आहे त्याचं गाव सोडा, त्याच्या देशाचं नावही बॅडमिंटनमध्ये कुणी घेत नव्हतं. केविन कॉर्डन, देश ग्वाटेमाला. मेक्सिकोच्या खाली, महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश एवढा देश, तिथे सगळं वेड फुटबॉलचं. केविन हे नावसुद्धा वडिलांनी इंग्लंडच्या केविन कीगन या फुटबॉलपटूवरून ठेवलेलं. जन्म 1986 चा, गाव ला युनियन, साकापा प्रांतात, डोंगरातलं, कॉफीचा भाग. तुमच्या सरांचं म्हणणं अगदीच चूक नाही हे मी आधीच कबूल करते, कारण केविननेही बाराव्या वर्षी घर सोडलं आणि राजधानीत ग्वाटेमाला सिटीला जाऊन राहिला, तिथेच खेळ शिकला. त्या वयात आईवडिलांपासून लांब राहणं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको.

पण पुढचं ऐका, कारण पालकांना नेमकं तेच कुणी सांगत नाही. बाराव्या वर्षी घर सोडलं म्हणून पंधराव्या वर्षी काही झालं नाही, विसाव्या वर्षीही जगाने दखल घेतली नाही. 2008 ला बीजिंग ऑलिंपिक खेळला, मग लंडन, मग रिओ, मधे 2011 ला ग्वादालाहारा आणि 2015 ला टोरोंटो इथे पॅन अमेरिकन स्पर्धेत सिंगल्सचं गोल्ड. तरी आपल्याकडे टीव्हीवर त्याचं नाव कधी ऐकलं होतं का? मी तर नव्हतं. आणि मग टोकियो. ऑलिंपिक 2020 चं पण झालं 2021 मध्ये, हा चौतीस वर्षांचा, जागतिक रँकिंग 59, आणि सिंगल्समध्ये चौतीस म्हणजे गुडघे रोज सकाळी हिशोब मागतात असं वय.

गटात मेक्सिकोच्या मुनोझला हरवलं, मग हाँगकाँगच्या एन्ग का लाँगला, जो सीडेड म्हणजे मानांकित होता, 22-20, 21-13. पुढच्या फेरीत नेदरलँड्सचा मार्क काल्जो, ज्याने आपल्या साई प्रणीतला गटातच हरवलं होतं, त्यालाही 21-17, 21-19. क्वार्टर फायनलला कोरियाचा हो क्वांग ही, ज्याने दोन-तीन दिवस आधी जगातला एक नंबरचा, जपानचा मोमोटा घरच्या मैदानावर बाहेर काढला होता. तोही गेला, 21-13, 21-18. शेवटचा पॉइंट झाला आणि हा माणूस कोर्टवर आडवाच झाला, तोंड खाली, आणि रडला. मी ते बघत होते आणि माझ्याही डोळ्यात पाणी आलं, लपवायचं कशाला. लॅटिन अमेरिकेतला कुणीच तोपर्यंत ऑलिंपिक बॅडमिंटनच्या सेमीफायनलला पोचला नव्हता.

आता तुमच्या मुलीचं. मी तुम्हाला हलवा किंवा हलवू नका असं सांगणार नाही, तिला न बघता ते सांगणं बरोबर नाही. पण बारा ही काही दार बंद व्हायची तारीख नाही. एक-दोन वर्ष गावात राहिली तरी शॅडो (शटलशिवाय नुसत्या हालचालींचा सराव), फूटवर्क, दोरीच्या उड्या, मल्टीशटल (एकामागून एक शटल टाकून सराव) हे सगळं एका हॉलमध्ये होतं, त्याला फक्त नेमाने शटल टाकणारा माणूस लागतो, तो सर नसले तरी चालतो, बाबा पण टाकू शकतात. जे गावात होत नाही ते म्हणजे तोडीच्या मुलींशी खेळणं, त्यासाठी सुट्टीत महिना-दीड महिना पुण्यात ठेवून बघा, तिथे तिला मजा येते का रडू येतं ते कळेल. आणि नायलॉनच्या शटलवर खेळत असेल तर स्पर्धेआधी तरी फेदरवर, म्हणजे पिसांच्या शटलवर, खेळवा, खर्च होतो मला माहितीये, पण फेदरचा वेग पुढे जाऊन एकदम पडतो, त्याची सवय नसली तर मुलं पहिल्याच गेममध्ये मागेच उभी राहतात आणि शटल त्यांच्या पुढ्यात पडतं.

प्रश्न : पॅरिस ऑलिंपिकला लक्ष्य सेनने पहिली मॅच जिंकली आणि नंतर ती रद्दच केली, हा कुठला न्याय? समोरचा तोच केविन ना?
(कॉलेजमधला एक विद्यार्थी, कोल्हापूर)

हो, तोच, पाचवं ऑलिंपिक, वय 37. लक्ष्यने 21-8, 22-20 असं जिंकलं, दुसऱ्या गेममध्ये त्याने लक्ष्यला चांगलंच झुंजवलं हे स्कोअरवरूनच दिसतं. नंतर केविनचं डावं कोपर दुखावलं आणि त्याने माघार घेतली, आणि डावं म्हणजे खेळायचाच हात, तो डावखुरा आहे. नियम असा की गटातला खेळाडू मधेच बाहेर पडला तर त्याच्या सगळ्या मॅच निकालातून काढायच्या, नाहीतर ज्याने त्याला हरवलं त्याला फायदा आणि ज्याची मॅच झालीच नाही त्याचं नुकसान. राग येतो मान्य, मलाही आला, पण नियम बरोबरच आहे. लक्ष्यने मग बेल्जियमच्या कारागीला आणि इंडोनेशियाच्या जोनाथन क्रिस्टीला हरवून गट जिंकलाच.

डावखुऱ्याचं विचारलं नाहीस पण सांगते, कारण क्लबात डावखुरा आला की सगळ्यांची गडबड होते. उजव्या हाताचा खेळाडू फोरहँडच्या कोपऱ्यातून क्रॉस म्हणजे तिरका शॉट मारतो तो आपल्या फोरहँडला येतो. डावखुऱ्याचा तोच शॉट आपल्या बॅकहँडला येतो. वर्षानुवर्षं पायांना लागलेली सवय उलटी पडते.

प्रश्न : 59 नंबरचा खेळाडू ऑलिंपिकला जातोच कसा? आपले तर 30-35 नंबरवाले घरी बसतात.
(नाशिक)

देशांच्या मर्यादेमुळे. सिंगल्समध्ये एका देशाचे जास्तीत जास्त दोन, तेही दोघं पहिल्या सोळात असतील तरच, नाहीतर एकच. म्हणजे चीन, इंडोनेशिया, डेन्मार्क, भारत यांचे बाकीचे सगळे यादीतून गळतात आणि यादी खाली खाली सरकत जाते. शिवाय प्रत्येक खंडाला किमान एक जागा असते. आपल्या पस्तिसाव्या नंबरवाल्यावर अन्याय होतो हे खरंय, मला त्याचं वाईटही वाटतं. पण ही मर्यादा नसती तर टोकियोत केविन आलाच नसता, आणि मला ते ऑलिंपिक त्याच्याशिवाय नको.

प्रश्न : पण केविनला मेडल नाही मिळालं ना? मग तो मोठा खेळाडू कसा? मी सातवीत आहे.
(चिपळूण)

मित्रा, नाही मिळालं. सेमीफायनलला डेन्मार्कचा व्हिक्टर अ‍ॅक्सेलसन समोर आला, 18-21, 11-21. ब्राँझच्या मॅचला इंडोनेशियाचा गिंटिंग, 11-21, 13-21. गंमत म्हणजे केविनचे तेव्हाचे कोच मुआमर कदाफी स्वतः इंडोनेशियाचे, म्हणजे आपल्याच देशाच्या पोराविरुद्ध ते ग्वाटेमालाच्या बाकावर बसले होते. चौथा नंबर. पॅरिसला आपल्या लक्ष्यचंही अगदी हेच झालं, सेमीला अ‍ॅक्सेलसन, मग ब्राँझची मॅच गेली, चौथा. लक्ष्य मोठा खेळाडू आहे की नाही? मग झालं तर.

ग्वाटेमालाला तोपर्यंत ऑलिंपिकचं एकच मेडल होतं, 2012 ला चालण्याच्या शर्यतीत एरिक बारोंदोचं सिल्व्हर. पॅरिसला मात्र नेमबाजीत आद्रियाना रुआनोने गोल्ड आणि ज्याँ पिएर ब्रोलने ब्राँझ आणलं. तू यूट्यूबवर टोकियोची क्वार्टर फायनल शोध आणि दोन्ही गेम पूर्ण बघ, हायलाइट्स नको. स्मॅश बघू नकोस, तो मारल्यावर केविनचे पाय कुठे परत येतात ते बघ, आणि मग हॉलमध्ये जाऊन करून बघ आणि मला परत लिही.