रत्नागिरी सोडताना

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

शिडाच्या बोटीनं मुंबईहून गोव्याला जाताना रत्नागिरीला थांबणं झालं आणि आता ती सोडवत नाही, असं लिहिलंस. नवल नाही. भगवती बंदराचा आडोसा, वर रत्नदुर्गाचा दीपस्तंभ, मिरकरवाड्याची ताजी मासळी. एव्हाना दोन-चार तांडेल, म्हणजे मासेमारी होड्यांचे म्होरके, तुला नावानं हाकही मारत असतील. सबंध किनाऱ्यावर माझंही हेच सगळ्यात लाडकं बंदर. तरी सांगतो, याच आठवड्यात नीघ.

इथे जास्तीचे आठ दिवस काढलेस, तर ते परतीच्या वाटेवर फेडावे लागतील. गोव्याकडे जाताना दुपारचा वायव्येचा वारा तुझ्या पाठीशी आहे, शीड सोडलं की बोट आपसूक धावते. मुंबईला परतताना तोच वारा तोंडावर येईल, आणि मार्चनंतर त्याचा जोर वाढत जातो. मे सरताना समुद्र फुगायला लागतो. 1 जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद; तेव्हा अडचणीत हाकेला यायला आसपास फारशा होड्याही नसतात. म्हणून मुक्कामांचा हिशेब परतीच्या तारखेपासून उलटा मांड.

निघायचं ते उजाडता उजाडता. जमिनीवरून येणारी मतलई तेव्हा वाहत असते आणि किनाऱ्यालगत पाणी सपाट असतं. अंधारात मात्र नांगर उचलू नकोस. जाळ्यांचे बोये, म्हणजे तरंगत्या खुणा, दिसत नाहीत, आणि इंजिनाच्या पंख्यात जाळं अडकलं की तुझा दिवस जातो आणि कुणाचं तरी पोट मारलं जातं. मतलई पडल्यावर वायव्य वारा धरेपर्यंत मध्ये थोडा वेळ काहीच नसतं. तेव्हा इंजिन लाव, उगाच शिडाशी झगडू नकोस.

पहिला मुक्काम विजयदुर्ग कर. अंतर 25 सागरी मैलांहून थोडं जास्त, ताशी 5 मैलांनी दुपारी पोचशील. ते सोयीचं आहे, कारण पूर्वेकडे खाडीत शिरताना ऊन पाठीमागे असतं आणि खडक दिसतात. वाटेत पूर्णगडच्या किंवा जैतापूरच्या खाडीत शिरायचा मोह झालाच, तर चढत्या भरतीलाच शीर. बोट वाळूला टेकली तरी पाणी तिला उचलेल. ओहोटीला टेकलीस तर पुढच्या भरतीपर्यंत अडकलीस. तिथीची पाऊणपट हे भरतीची वेळ काढायचं कोकणातलं गणित ठाऊक आहे ना? अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमाराला. ढोबळ आहे, पण फोन बंद पडला तरी चालतं.

मालवणला सिंधुदुर्गाभोवती पाण्याखाली खडपं पसरली आहेत. तिथे नुसत्या नकाशाच्या भरवशावर जाऊ नकोस, स्थानिक माणूस बोटीवर घे. वाट चुकली तर तो रागावेल, पण बोट वाचेल.

निघण्याआधी उधारी चुकती कर आणि कुठे, कधी पोचणार ते ओळखीच्या तांडेलाला सांगून ठेव. विजयदुर्गला नांगर धरला की मला फोन कर.

तुझा,
काका