मगरीचा व्हिडिओ आणि आजव्याचा आकडा

प्रश्न : ऑगस्ट 2024 च्या पुरात आमच्या तळमजल्यात पाणी शिरले होते. त्या दिवसांत पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे जे फोन आले, त्यांत पहिला प्रश्न 'तुमच्याकडे मगरी आल्यात का?' हाच असे. 'आजवा 213 फूट' अशा अर्थाचे संदेश मोबाईलवर सारखे येत होते. ते वाचून आजवा धरणात दोनशे फूट पाणी साठले आहे अशी माझ्या सासूबाईंची समजूत झाली आणि त्या रात्रभर जाग्या राहिल्या. सगळ्या मगरी उचलून दुसरीकडे सोडल्या की प्रश्न मिटेल, असे माझा मुलगा आता म्हणतो. त्याला काय सांगावे? आणि मुळात पूर आम्हाला नीट कळावा कसा?
— एक वाचिका, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपल्या सासूबाईंची भीती अगदी स्वाभाविक होती, कारण त्यांच्यापर्यंत पोचलेला आकडा खरा असला तरी तो कुठून मोजला आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आजव्याचा आकडा समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा असतो. सयाजीराव महाराजांच्या काळात शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला हा मातीचा बांध आहे आणि तिथल्या पाण्याची खोली या आकड्यापेक्षा कितीतरी कमी असते. हा आकडा एरवीही 210 च्या आगेमागेच असतो. म्हणून तो किती मोठा आहे याला महत्त्व नसून ठरवून दिलेल्या पातळीपेक्षा तो किती वर आहे आणि तासातासाला चढतो आहे की उतरतो आहे, याला महत्त्व आहे. त्याच संदेशात पुढे शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीची पातळी दिलेली असते, तीही फुटांतच. पण ती काळा घोडा पुलापाशी मोजतात, तिची धोक्याची पातळी ढोबळमानाने 25-26 फूट धरली जाते, आणि 2024 मध्ये नदी त्याच्याही सुमारे दहा फूट वर गेली होती. भरीला बातम्यांमध्ये नर्मदेवरच्या सरदार सरोवराची पातळी मीटरमध्ये सांगतात, जिची पूर्ण मर्यादा 138.68 मीटर आहे. एकाच संध्याकाळी तीन ठिकाणांचे, तीन वेगवेगळ्या मोजमापांचे आकडे एकाखाली एक आले, तर वाचणारा त्यांची आपापसांत तुलना करणारच आणि सगळ्यांत मोठ्या आकड्याला सगळ्यांत जास्त घाबरणार. हा वाचणाऱ्याचा दोष नाही. 'धोक्याच्या पातळीपेक्षा चार फूट खाली, गेल्या दोन तासांत एक फूट चढ' एवढे एक वाक्य त्या आकड्याशेजारी असते, तर सासूबाईंना निश्चिंत व्हायचे की सामान माडीवर चढवायचे, हे तरी ठरवता आले असते.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आपल्या संदेशांमधून जवळजवळ नेहमीच सुटते. विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते, आणि पावागड, हालोल हा सारा भाग पंचमहाल जिल्ह्यात येतो. हवामान खात्याचे इशारे मात्र जिल्हावार असतात : पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. आपण बडोदे जिल्ह्याचा रंग पाहतो, तो साधा असला की निर्धास्त होतो, आणि पंचमहालात चोवीस तासांत 204.4 मिलिमीटरहून अधिक, म्हणजे खात्याच्या भाषेत अतितीव्र पाऊस पडत असेल, तर ते पाणी आपल्याच दाराशी येणार आहे हे लक्षात घेत नाही. शहरात ऊन पडलेले असताना नदी चढते, तेव्हा लोकांना वाटते की कोणीतरी मुद्दाम पाणी सोडले. आजवा धरणातून नदीत पाणी सोडले जाते हे खरे आहे, पण वरच्या भागातल्या पावसाची माहिती वेळेवर न मिळाल्याने त्या संशयाला मोकळे रान मिळते. पावसाळ्यात रोज दोन्ही जिल्ह्यांचा इशारा पाहण्याची सवय आपण घरात लावून घ्यावी.

आता मगरींकडे वळू. शहरातल्या अकोटा भागात छपरावर चढलेल्या मगरीचे चित्रण आपणही पाहिले असेल. ते देशभर फिरले, आणि बाहेरगावच्या लोकांसाठी बडोद्याचा पूर म्हणजे तेवढेच दृश्य होऊन बसले. ते खोटे नव्हते. त्या तीन दिवसांत वनखात्याने वस्तीतून 24 मगरी पकडल्या, आणि नदीच्या या पट्ट्यात मगरींची संख्या तेव्हा सुमारे 440 सांगितली जात होती. म्हणजे त्यांतल्या बहुतेक मगरींना वस्तीतून पकडण्याची वेळच आली नाही. ज्या आल्या त्यांची कारणे सरळ आहेत : काठातली त्यांची बिळे पाण्याखाली जातात, मुख्य प्रवाहाचा जोर त्यांनाही झेपत नाही, आणि मग त्या जिथे पाणी संथ असते तिथे, म्हणजे आपल्या सोसायट्यांच्या गल्ल्यांमध्ये, आसरा शोधतात. पण व्हिडिओत यातले काहीच दिसत नाही. त्यात मगर दिसते आणि मागे कोणाचे तरी ओरडणे ऐकू येते. पाहणाऱ्याच्या मनात पूर आणि मगर यांची गाठ बसते आणि मगरीच पुराचे कारण असल्यासारखी चर्चा सुरू होते. आपल्या मुलाचे म्हणणे त्यातूनच आले आहे.

त्याला दरडावू नका. आधी हे विचारा की सगळ्या मगरी हलवल्या तर पुढच्या पुरात पाणी किती इंच कमी येईल? उत्तर शून्य आहे, आणि ते त्याला स्वतःलाच सापडेल. मगर ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहे, तिला सरसकट उचलून नेता येत नाही, हेही सांगा. पण ते नंतर. कायदा आधी सांगितला की मुलांना तो अडथळा वाटतो आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो.

मूळ प्रश्न नदीला पसरायला जागा कुठे उरली हा आहे. विश्वामित्रीच्या दोन्ही बाजूंची कोतरे, म्हणजे घळी, पूर्वी पुराचे पाणी पोटात घेत. त्यांतली अनेक भरावाखाली गेली. रूपारेल, मसिया, भूखी या कांसांवर, म्हणजे पावसाचे पाणी नदीत नेणाऱ्या नाल्यांवर, कुठे स्लॅब पडला, कुठे बांधकाम आले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे 2021 मध्ये नदीचे क्षेत्र आखून घेण्याचा, अतिक्रमणे काढण्याचा आणि कोतरांसकट ते जपण्याचा आदेश दिला, आणि 2024 च्या पुरानंतर, 2025 च्या पावसाळ्याआधी, शहरातल्या पात्रातला गाळ काढण्याचे आणि ते रुंद करण्याचे काम झाले. हे सगळे छापून आले आहे. पण ते एप्रिल-मेमध्ये, निविदा आणि बैठकांच्या बातम्यांत येते, जेव्हा पुराचा विचार कोणाच्याही डोक्यात नसतो. आणि जेव्हा सगळे शहर कान टवकारून ऐकत असते, तेव्हा त्याला फक्त फुटांचे आकडे आणि मगरी मिळतात. माझ्या मते आपल्या समजुतीतली सगळ्यांत मोठी खोट हीच आहे. कारणांची चर्चा पाणी ओसरल्यावर लगेच, भिंतींवरची ओल वाळण्याआधी व्हायला हवी. वृत्तपत्रांनी ती करावी, आणि नाही केली तर आपण त्यांना पत्र लिहून मागावी.

प्रश्न : आमच्या मंडळाला यंदा गणेशोत्सवात विश्वामित्रीवर देखावा करायचा आहे. काही जणांना जबडा उघडणारी यांत्रिक मगर हवी आहे. आपले मत?
— एका मंडळाचे कार्यकर्ते, रावपुरा, बडोदे

उत्तर : गर्दी जमेल, पण समजूत बिघडेल, मगर टाळा. 2024 मध्ये पूर ओसरून आठ-दहा दिवस होतात न होतात तोच 7 सप्टेंबरला गणपती बसले, त्यामुळे आपल्या भागातील घराघरांत त्या पाण्याच्या खुणा आणि फोटो अजून असतील. ते मागवा आणि मंडपाच्या खांबावर कोणत्या गल्लीत पाणी किती चढले होते याच्या रेघा, गल्लीच्या नावासह, प्रत्यक्ष उंचीवर ओढा; लोक आपली गल्ली शोधतील आणि थांबतील. शेजारी पावागडपासून ढाढर नदीशी होणाऱ्या संगमापर्यंतचा नदीचा मोठा नकाशा लावा, त्यावर आजवा, काळा घोडा, कांस आणि ज्येष्ठांना आठवत असलेली कोतरे दाखवा. मजकूर मराठी आणि गुजराती दोन्हींत, लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरांत असावा. वनखात्याचा मदत क्रमांक ठळक लिहा, आणि 'गढूळ साचलेल्या पाण्यात काठालगत उतरू नका, मगर दिसल्यास जवळ जाऊन चित्रण करू नका' ही सूचना त्याच्याखाली द्या. नकाशा लहान मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावलात तर उत्तम, कारण घरी जाऊन प्रश्न विचारणार आहेत ती तीच.